आडनाव सिरोंच्याला राहिलं

सिरोंचा तालुक्यातल्या गावांची यादी निवांत वाचण्यासारखी आहे. राजन्नपल्ली, व्यंकटापूर, लक्ष्मीदेवीपेठा, जाफ्राबाद. कुणी राजन्ना असेल, कुणी जाफर असेल, व्यंकटेश आणि लक्ष्मी तर आपल्या ओळखीचेच. देव आणि माणसं एकाच तालुक्यात मांडीला मांडी लावून बसलेली. वाचताना जीभ सहज पुढे सरकत असते आणि मग एका नावाशी ठेचकाळते: ग्लासफोर्डपेठा.

पहिल्यांदा वाटतं, टायपिस्टचा हात घसरला. गोदावरीच्या काठी, सागाच्या जंगलात, जिथे अर्धं गाव तेलुगूत भांडतं आणि मराठीत अर्ज करतं, तिथे हा ग्लासफोर्ड कुठून उगवला? ग्लास म्हटलं की इकडे चहा, फोर्ड म्हटलं की मोटार. दोन्ही गोष्टी गावात उशिराच आल्या असणार. पण छपाईत चूक नाही. ग्रामपंचायतीच्या कागदांवर, मतदारयादीत, वर्तमानपत्रातल्या पाणीटंचाईच्या बातमीत हेच नाव येतं, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. गाव आहे, गावाला नाव आहे, नावाला टपाल येतं. आणखी काय हवं?

मला मात्र आडनावांचा नाद आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला तो असतोच, कारण आमच्याकडे आडनावाला कामं फार. गोंडांमध्ये आडनाव सांगितलं की माणूस किती देवांचा ते कळतं. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट. जितके देव सारखे तितकी भाऊबंदकी, आणि भाऊबंदकीत सोयरीक नाही. त्यामुळे मडावी, आत्राम, कुळमेथे, सिडाम, तोडसाम हे नुसतं हाक मारायचं साधन नसून लग्नाचा अर्धा निकाल असतो. मुलाचा पगार किती, शेती किती, हे नंतर. आधी देव मोजायचे.

दुसरीकडे ते ‘वार’वाले. मुनगंटीवार, वडेट्टीवार, कन्नमवार, गड्डमवार, बोम्मावार. तेलंगणातून वर आलेल्या घराण्यांनी आपल्या बोलीतला आदरार्थी ‘वारू’ आडनावालाच शिवून आणला आणि मराठीनं त्याचा शेवटचा उकार कापून ठेवून घेतला. म्हणजे या मंडळींना ‘साहेब’ म्हटलं नाही तरी मान राखला जातो. तो जन्मदाखल्यातच भरलेला आहे. पुण्यामुंबईच्या माणसाला ही आडनावं ऐकून आठवड्याचे दिवस आठवतात, तो त्याचा प्रश्न.

आणि खुद्द सिरोंच्यात एक झकास आडनाव आहे, दुर्गम. वर्तमानपत्रवाल्यांची त्यामुळे पंचाईत होत असावी. ‘अतिदुर्गम सिरोंचा’ लिहिल्याशिवाय त्यांची बातमी सुरू होत नाही, आणि तिथे गेलं तर दुर्गम हे शेजारच्या आळीत राहतात, सहज भेटतात.

तर अशा मुलखात ग्लासफर्ड नावाचा माणूस आला, तेव्हा त्याला कुणीतरी विचारलं असेल का, किती देवे? साहेब ख्रिस्ती, म्हणजे एकदेवे. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा वेगवेगळे मोजले तर तीन होतात. एक म्हणा की तीन म्हणा, चार ते सातच्या हिशेबात तो बसतच नाही. सोयरीक जमणं अवघडच होतं.

साहेबाचं पूर्ण नाव चार्ल्स लॅमॉंट रॉबर्टसन ग्लासफर्ड. मूळ इंग्रजीत शेवटी ‘फर्ड’. ‘फोर्ड’ हा आपल्या कारकुनांचा संस्कार. 1860 मध्ये निजामाशी झालेल्या करारानं गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांच्या हाती आले आणि त्यांचा एक नवा जिल्हा झाला, अप्पर गोदावरी. मुख्यालय सिरोंचा. हो, सिरोंचा हे जिल्ह्याचं ठिकाण होतं. आज गडचिरोलीला कलेक्टर कचेरीत काम असलं तर सिरोंच्याच्या माणसाला दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर खड्डे मोजत कापावं लागतं. तेव्हा कलेक्टरच दाराशी होता. त्या जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर म्हणून कॅप्टन ग्लासफर्ड इथे बसला. 1862 मध्ये त्यानं शेजारच्या बस्तर संस्थानावर अहवाल लिहिला. तो पुढच्याच वर्षी सरकारी दफ्तरातून छापून निघाला आणि बस्तरबद्दल लिहिणाऱ्या माणसाला अजूनही तो उघडावा लागतो.

एवढ्या आडरानात जिल्ह्याचं ठाणं का, याचं उत्तर पाण्यात आहे. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस होड्यांत भरायचा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत सरळ समुद्राला लावायचा आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना, असा सर आर्थर कॉटन यांचा बेत. कापसाचा बेत आखणाऱ्या साहेबाचं आडनाव कॉटन असावं, हा योगायोग इंग्रजीच करू जाणे. त्यातच 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि या नदीवर सगळ्यांचे डोळे लागले. अडचण एकच, नदीत खडकांच्या तीन मोठ्या आडकाठ्या: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरी. त्यांना वळसा घालणारे कालवे काढायचे, बांध बांधायचे, अशी कामं सुरू झाली. मजूर तापानं आजारी, पाणी उन्हाळ्यात गुडघाभर आणि पावसाळ्यात डोक्यावरून. 1871 मध्ये सरकारनं हात टेकले. तोवर अमेरिकेतलं भांडण मिटलं होतं आणि आगगाडीनं कापूस केव्हाच मुंबईला नेला होता.

बेत बुडाला तशी जिल्ह्याचीही गरज संपली. 1874 मध्ये भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्याला जोडला गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यातली एक तहसील झाली. 1964 मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं, 1982 मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा निघाला. इतक्या वेळा हद्दी बदलल्या की सिरोंच्याच्या एखाद्या म्हाताऱ्यानं जागेवरून न हलता मध्य प्रांत, मध्य प्रदेश, मुंबई राज्य, महाराष्ट्र असा प्रवास केला असेल. नदीला अडवायची हौस मात्र अजून फिटलेली नाही. पलीकडे तेलंगणानं मेडीगड्ड्याला मोठा बंधारा बांधला, 2019 मध्ये थाटात उद्घाटन झालं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. गोदावरीला इंजिनिअरांचा राग आहे की काय कोण जाणे.

या सगळ्या धामधुमीत टिकला तो ग्लासफोर्डपेठा. जिल्हा गेला, बोटी गेल्या, साहेब बढती घेऊन गेला, पेठ तेवढी राहिली.

विलायतेत हे आडनाव फारसं सापडत नाही. त्याचं मूळ स्कॉटलंडमध्ये, लॅनार्कशायर परगण्यातल्या ग्लासफर्ड या खेड्यात. म्हणजे गावावरून आडनाव आलं, आपल्या वाईकर-सातारकरांसारखंच, फक्त ‘कर’ न लावता. या नावाचा सगळ्यात धनाढ्य माणूस म्हणजे अठराव्या शतकातला ग्लासगोचा जॉन ग्लासफर्ड. त्यानं व्हर्जिनियाच्या तंबाखूत अफाट पैसा केला. तो 1783 मध्ये गेला. ग्लासगोत आजही त्याच्या नावाचा रस्ता आहे. आपल्या कॅप्टनशी त्याचं नातं लावायचा मोह होतो, पण तो मी आवरतो. एवढं मात्र सांगतो की सिरोंचा तालुक्यात उन्हाळा लागला की लोक पहाटे जंगलात जाऊन तेंदूपानं तोडतात, पन्नास-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणी, नेऊन देतात. त्या पानात जे भरतात ते तंबाखूच. एका ग्लासफर्डाची तंबाखू आणि दुसऱ्या ग्लासफर्डाच्या मुलखातलं पान यांची गाठ ब्रह्मदेवानंच बांधली असावी, आणि तीही कुणाला न सांगता.

नकाशावर टाचण्या लावत या आडनावाचा माग काढला, तर पुढची टाचणी माथेरानला लागते. 23 नोव्हेंबर 1873 रोजी तिथे डंकन जॉन ग्लासफर्ड जन्मला. वडील मेजर जनरल चार्ल्स ग्लासफर्ड, म्हणजे बढतीनंतरचे आपले कॅप्टनच असावेत. तेव्हा माथेरानची छोटी गाडी नव्हती, ती 1907 ची. तट्टावरून नाहीतर पालखीतून वर जायचं. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी 1850 मध्ये डोंगर ‘शोधला’, म्हणजे तिथल्या ठाकर-धनगरांना विचारून वाट काढली, आणि मग प्रत्येक कड्याला आणि तळ्याला साहेबांची, मडमांची नावं वाटली. लुईसा पॉइंट, शार्लट लेक. तिथे इतकी नावं वाटत होते, पण जन्मलेल्या ग्लासफर्डाच्या वाट्याला एखादा दगडही आला नाही. त्याचं आडनाव तिकडे सागवानात आधीच मुक्कामाला गेलेलं होतं.

हा डंकन पुढे फौजेत चढला, ऑस्ट्रेलियात सैन्याच्या शिक्षणाचा प्रमुख झाला आणि पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या 12 व्या ब्रिगेडचा सेनापती. 12 नोव्हेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये सॉमच्या रणभूमीवर तोफगोळ्यानं जखमी होऊन गेला. हेली स्टेशनच्या दफनभूमीत त्याचा दगड आहे. एक टाचणी स्कॉटलंडला, एक माथेरानला, एक फ्रान्सच्या चिखलात, एक सिरोंच्याला. याच आडनावाचे आणखी एक गृहस्थ, ए. आय. आर. ग्लासफर्ड, हिंदुस्थानच्या जंगलात वाघांमागे फिरले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीवर पुस्तकं लिहिली. घराण्याला झाडीचं वेड असावं.

विलायतेत अशा एकेका आडनावाचा पाठलाग करणाऱ्या लोकांची संस्थाच आहे. 1979 मध्ये स्थापन झालेली. एक सभासद, एक आडनाव. जगभरातल्या त्या नावाच्या माणसांचे जन्म, लग्नं, मृत्यू गोळा करत बसायचं. 1881 च्या शिरगणतीवरून नकाशे काढायचे, कुठल्या परगण्यात किती ठिपके. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे कुलवृत्तांत नावाचा ग्रंथप्रकार आहे, जाडजूड, कापडी बांधणीचा. घरात एकच माणूस तो वाचतो आणि इतर त्याला टाळतात. फरक इतकाच की कुलवृत्तांतात मूळ गाव कोकणात निघतं, मग सगळे एकदा तिथे जाऊन नारळ फोडून येतात.

झाडीपट्टीतल्या आडनावांचे नकाशे काढायचे ठरवलं तर शिरगणतीचीही गरज नाही, मतपत्रिका पुरेल. अहेरी मतदारसंघातून 2009 मध्ये दीपक आत्राम निवडून आले, 2014 मध्ये अंबरीशराव आत्राम, 2019 आणि 2024 मध्ये धर्मरावबाबा आत्राम. 2024 ला तर धर्मरावबाबांसमोर त्यांचे पुतणे अंबरीशराव आणि कन्या भाग्यश्री असे घरचेच उभे होते. तिथे ‘आत्राम यांना विजयी करा’ एवढंच भिंतीवर रंगवून पेंटर घरी गेला तर कुणाचंच नुकसान होऊ नये.

आडनाव गावाला चिकटलं, की पुढे त्याचं काय होतं, याची उलट दिशेची गोष्टही आमच्याच जिल्ह्याची आहे. मारोतराव कन्नमवार, चंद्रपूरचे, 1962 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि 1963 च्या नोव्हेंबरात पदावर असतानाच गेले. मुंबईत विक्रोळीला कन्नमवारनगर आहे. तिथल्या इमारतींमधून लोकल पकडायला धावणाऱ्या हजारो माणसांच्या रेशनकार्डावर हे आडनाव छापलेलं असतं. त्यातल्या कितींना ठाऊक असेल की ‘वार’ कुठून आला? चांद्याचं आडनाव विक्रोळीला बस थांब्याचं नाव झालं, स्कॉटलंडचं आडनाव सिरोंच्याला. दोन्हीकडे माणूस गेला आणि पत्ता उरला. मला यात हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं.

ग्लासफर्ड इथे चार पिढ्या राहिला असता तर काय झालं असतं, याचाही विचार मी केला आहे. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी सवयीनं ‘ग्लासफर्डवार’ लिहिलं असतं. पणतू कापडाच्या दुकानात बसला असता आणि पुढेमागे नगरपंचायतीला उभा राहिला असता.

साहेबांची नावं लिहिताना आपली लेखणी असे संस्कार करतच असते. चांद्याचा त्या काळचा डेप्युटी कमिशनर होता क्रायटन. इंग्रजीत त्याच्या नावात जी अक्षरं बसली आहेत ती साहेबलोक उच्चारत नाहीत, पण आपण प्रामाणिक; लिहिलेलं सगळं वाचतो. म्हणून मराठी पुस्तकांतून तो क्रिक्टन होऊन बसला आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांची गोष्ट सांगताना त्याचं नाव घ्यावं लागतं. 1858 च्या एप्रिलात प्राणहितेकाठी चिंचगुडीच्या तळावर बाबूरावांच्या माणसांनी तारखात्याच्या गार्टलँड आणि हॉल यांना मारलं, आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. वय पंचवीस. दरवर्षी त्या तारखेला लोक तुरुंगातल्या पिंपळापाशी जमतात. 2009 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. गार्टलँड आणि हॉल यांची नावं कुठल्या पल्लीला लागली नाहीत, क्रायटनचंही नाही. त्यानंतर दोनचार वर्षांतच आलेल्या ग्लासफर्डाला मात्र अख्खं गाव मिळालं. वसवणारा आणि फाशी देणारा यांच्यात लोक फरक करत असतील. किंवा पेठ वसवून तिला स्वतःचं नाव द्यायची युक्ती बाकीच्यांना सुचली नसेल. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

परक्या नावांना सिरोंच्याची माती तशी सरावलेली आहे. पोचमपल्लीजवळ शेताच्या बांधाखाली राक्षसी हाडं निघाली, तेव्हा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची मंडळी येऊन ती उकरून घेऊन गेली. प्राण्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोरी. काम सुरू झालं ते 1961 साल, म्हणजे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं. गोदावरीकाठी कोट्यवधी वर्षं निजलेल्या त्या बिचाऱ्याला जागं केलं आणि आडनाव लावलं टागोरांचं. हाडं कलकत्त्यात उभी आहेत. एवढ्या मोठ्या प्राण्याचं नाव ‘सिरोंचावार’ ठेवलं असतं तर जिल्ह्याच्या विकासाला थोडा हातभार लागला असता.

एखादा तडफदार पुढारी उठून ग्लासफोर्डपेठ्याचं नाव बदला म्हणेल, अशी मला मधूनमधून धास्ती वाटते. लायलपूरचं फैसलाबाद झालं, एल्फिन्स्टन रोडचं 2018 मध्ये प्रभादेवी झालं. नाव बदलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नसतं. साहेब काही इथे पुण्य करायला आले नव्हते. पण नावबदलाच्या समितीलासुद्धा आलापल्लीहून पुढचा रस्ता चुकत नाही, आणि तो रस्ता पावसाळ्यात भल्याभल्यांचे बेत मागे फिरवतो. शिवाय सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, निराधार योजनेचा अर्ज, सगळ्यांवर हे नाव चढलं आहे. ते बदलायचं म्हणजे किती झेरॉक्स काढाव्या लागतील याचा विचार करा. झेरॉक्सचं दुकान सिरोंच्याला.

मला वेगळीच इच्छा आहे. लॅनार्कशायरमधून, नाहीतर ऑस्ट्रेलियातून, कुणी खराखुरा ग्लासफर्ड आपल्या आडनावाचा माग काढत इथवर यावा. नागपूरला उतरून, चंद्रपुरात जेवून, आलापल्लीच्या सागवानातून अंग मोडत तो संध्याकाळी सिरोंच्याच्या इंग्रजांच्या काळातल्या विश्रामगृहाशी पोचेल. खानसामा रजिस्टर पुढे करेल. पाहुणा नावाच्या रकान्यात काळजीपूर्वक आपलं नाव लिहील, डेव्हिड ग्लासफर्ड म्हणा. खानसामा ते वाचेल, चष्मा वर करेल आणि सौम्यपणे म्हणेल, “साहेब, हे गावाचं नाव झालं. ते पुढच्या रकान्यात. इथं आडनाव लिवा ना.”